वेलीला आवतण

यंत्र आलं त्या मंगळवारी मी खळ ढवळत होतो. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तरी मंगळवारी आणि शुक्रवारी मी विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहात जातो. जुन्या नमुन्यांची सुटलेली पानं पुन्हा चिकटवतो, कपाटांत डांबराच्या गोळ्या ठेवतो. हे काम मला कोणी सांगितलेलं नाही, आणि अजून तरी कोणी नको म्हटलेलं नाही.

डॉ. ऋजुता मोकाशी दारातून आत आल्या त्या शिवणयंत्राएवढी एक पेटी हातगाडीवर ढकलतच. वय पस्तिशीचं, केस आखूड, बोलणं भराभर.

"केळुसकर सर ना? मला तुमची सगळी कपाटं वाचायची आहेत."

"चिठ्ठ्या ना? त्या संगणकावर चढवल्या आहेत."

"चिठ्ठ्या नाही हो. पानं!"

वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. जाड कागदावर एक दाबून वाळवलेली फांदी चिकटवलेली असते. उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी असते: झाडाचं नाव, गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याला नोंदवावंसं वाटलं ते. आमच्याकडे असे नव्वद हजार कागद आहेत. माझं आयुष्य त्यांच्या सोबतीत गेलं. माणसांपेक्षा ते मला सोपे वाटले.

ऋजुताबाईंचं यंत्र त्या कागदांवरून प्रकाशाची एक सुई फिरवी. खसखशीच्या दाण्याहून बारीक असा कण पानावरून उडे आणि यंत्र त्यातल्या प्रत्येक रेणूचं वजन करी. पान जिथल्या तिथे राही. वजनांवरून रेणूंची घडण ओळखायची आणि ते कोणत्या रोगाच्या कोणत्या प्रथिनाला जाऊन चिकटतील याचा अंदाज करायचा, हे काम संगणकाचं. शंभर-शंभर वर्षं मुकी असलेली पानं एका वर्षात वाचून होणार होती. मला आनंद झाला, आणि थोडी भीतीही वाटली. कागदाच्या कोपऱ्यात आपण काय लिहिलं ते आपल्या हातात असतं. पान काय सांगेल, ते नाही.

आठ महिन्यांनी ऋजुताबाई धावत आल्या. हातात नमुना क्रमांक ४१७ होता.

"सर, हा तुमचा ना?"

अक्षर माझंच. कासवेल. भैरीचा धनगरवाडा, घाटमाथा. १९ नोव्हेंबर १९८३, सकाळी साडेनऊ. गुरांच्या कासेच्या सुजेवर स्थानिक उपयोग. गोळा करणारा: म. केळुसकर.

त्या पानांत एक रेणू सापडला होता, कुठल्याही पुस्तकात नसलेला. स्तनाच्या कर्करोगाचा एक चिवट प्रकार असतो. नेहमीची औषधं ज्या तीन खुणा धरून पेशीवर चालून जातात, त्या तिन्ही खुणा त्या पेशींवर नसतात, म्हणून औषधाला धरायला जागाच मिळत नाही. या रेणूला चौथी जागा सापडत होती. पानातून निघाला तेवढ्या कणभर मालावर काचेच्या बशीत प्रयोग झाला. कर्करोगाच्या पेशी मेल्या, शेजारच्या निरोगी पेशी बऱ्याच अंशी वाचल्या. बातमी वर्तमानपत्रांत आली. माणसांवरच्या चाचणीसाठी रुग्णांची यादीसुद्धा सुरू झाली.

आणि मग सगळं अडलं. कासवेल घाटावर आजही भरपूर आहे. ऋजुताबाई आणि त्यांची माणसं सात वेळा जाऊन ताजी पानं घेऊन आली, त्याच धनगरवाड्याजवळची. एकाही पानात तो रेणू नव्हता. आमच्या कपाटातले कासवेलीचे बाकीचे तेवीस कागद पाहिले, त्यांतही नव्हता. रेणू इतका गुंतागुंतीचा की प्रयोगशाळेत जोडून बनवणं जमेना. एकच वाट होती. तो बनवत असलेली जिवंत वेल मिळाली असती, तर त्या वेळी तिची कोणती जनुकं जागी असतात ते वाचून ती यीस्टमध्ये घालता आली असती. मग दारू आंबवावी तसं पिंपात औषध तयार झालं असतं. घाटावरची वेल ओरबाडावीही लागली नसती. नरक्याच्या झाडांची कर्करोगाच्या औषधापायी कशी कत्तल झाली, ते मी पाहिलं आहे.

"शुक्रवारी समितीची बैठक आहे," ऋजुताबाई म्हणाल्या. "त्यातल्या डॉ. सरनोबतांचं मत पडलंय की तुमच्या कागदाला पूर्वी कधीतरी दुसरं काही लागलं असणार. प्रकल्प बंद करतील. सर, तुम्ही स्वतः तिथे होतात. चिठ्ठीत नाही असं काही आठवतं का?"

"नाही," मी म्हणालो. "तसं काही आठवत नाही."

शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मला वाटलं, हे वाक्य आपण पूर्वी एकदा, अगदी असंच, बोललेलो आहोत.

त्याच संध्याकाळी फोन आला.

"केळुसकर का? मी शालन पवार बोलतेय, कराडहून. पूर्वीची जगताप."

मी उभाच राहिलो. एकावन्न वर्षांनी तो आवाज ऐकत होतो. जरा घोगरा झाला होता, पण 'केळुसकर' म्हणताना मधल्या अक्षरावर जोर देण्याची पद्धत तीच.

"बोला, मिस जगताप."

ती हसली. "अहो, नातवंडं आहेत मला! बरं, पेपरात वाचलं. आपल्या वेलीचं औषध निघतंय म्हणे."

"हो. म्हणजे... तसं चाललंय."

"मला झालाय तो. दुसऱ्यांदा उलटलाय. डॉक्टर म्हणाले, आता तुमच्या गाठीवर आमच्याकडे एक ती यादीच उरलीय. आठवा नंबर आहे माझा. म्हटलं, तुमचा वशिला लागतो का बघावं." हे सगळं ती शाळेची सहल ठरवावी तशा सुरात सांगत होती. "पण आता औषधच नाही, म्हणून चाचणी होणार नाही म्हणतात. वेलीत सापडत नाहीये म्हणे. केळुसकर, तुम्ही त्यांना आवतणाचं सांगितलंत ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी माळ्यावरची ट्रंक काढली. त्र्याऐंशी सालची वही मिळायला वेळ लागला नाही. मी काही टाकत नाही. पानांच्या मध्ये त्या काळातल्या वर्तमानपत्राचा एक तुकडा होता, रॉकेलच्या टंचाईची बातमी असलेला. त्याला अजून स्टोव्हचा वास येतो असं मला वाटलं. वास खरंच येत होता की मीच तो घेऊन आलो होतो, सांगता येत नाही.

त्या वर्षी आम्ही दोघं आगटे सरांच्या हाताखाली संशोधन करत होतो. मी अबोल, पुस्तकातला किडा. ती गावाकडची, पायाने घट्ट, कोणाशीही बोलणारी. एस.टी. घाटाखाली सोडी, पुढे तीन तास चढण. दाबायच्या फळ्या आणि रद्दीचा गठ्ठा ती पाठीवर घेई. मला म्हणे, "तुम्ही वही सांभाळा केळुसकर, तेवढंच झेपेल." ते खरंच होतं. संध्याकाळी ओले झालेले कागद बदलायचे आणि स्टोव्हवर शेकून पुन्हा घालायचे. मी पुस्तकातलं नाव सांगायचो, ती लोकांकडून ऐकलेलं नाव सांगायची. दोन्ही नावं जुळली की दोघांनाही उगाच आनंद व्हायचा. इतका सुखी मी नंतर कधी झालो नाही. तेव्हा ते कळलं नव्हतं.

भैरीच्या धनगरवाड्यावर ठकूबाई झोरे होत्या. साठीच्या असतील. म्हशीची कास दगडासारखी घट्ट झाली की आसपासच्या वाड्यांतून लोक त्यांच्याकडे येत. त्यांनी आम्हांला नाचणीची भाकरी आणि ताक दिलं. वेल तोडू द्यायला मात्र दुसऱ्या दिवशीचा वायदा केला.

"आज का नको, मावशी?" शालनने विचारलं. "ही काय समोर दिसतेय."

"दिसतीया. पर झोपल्याली हाय ती. झोपल्याल्या बाईला इळा लावशील, तर ती तुला काय दील? राग दील! आदी आवतण द्याचं. सांजंला सांगून यायाचं, सकाळी न्यायचं."

उन्हं कलल्यावर आम्ही तिघं वेलीजवळ गेलो. ठकूबाईंनी शालनच्या हाती काळ्या लोकरीचा दोरा दिला. बुंध्याशी तो करकचून बांधायला लावला, इतका की साल चेपली. मग प्रत्येक पेराला अंगठ्याच्या नखाने एक ओरखडा काढायला लावला. पांढरा चीक आला. वेल चांगली पाच-सहा हात लांब पसरली होती, पेरं वीस-पंचवीस. शालनने एकही सोडलं नाही.

"आता म्हण."

"काय म्हणू?"

"पावण्याला काय म्हंत्यात? उद्या सकाळी न्यायला येते गं बाई, तयार ऱ्हा."

शालन तसं म्हणाली. अगदी गंभीरपणे म्हणाली. मी बाजूला उभा राहून ते वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी दव सुकल्यावर साडेनऊला तिनेच ती फांदी कापली आणि तिनेच दाबली. क्रमांक ४१७.

वहीत ते सगळं होतं, सात ओळी. त्यांच्यावर एक आडवी रेघ होती, पट्टी लावून मारलेली. खोडतानासुद्धा मी नीटनेटकाच होतो.

रेघ का मारली, तेही मला आठवत होतं. पुढच्या फेब्रुवारीत विभागात शालनचं व्याख्यान झालं. तिने आवतणाची हकीकत सांगितली आणि म्हणाली, यात काहीतरी असावं, तपासायला हवं. आगटे सर हसले. "छान! आता झाडांना लग्नपत्रिका छापू या." सगळा वर्ग हसला. मग सर माझ्याकडे वळले. "केळुसकर, तुम्ही नोंदीचे पक्के. असं काही झालं होतं का?"

शालन माझ्याकडे बघत होती. मी उठलो. चाळीस माणसं होती, माझे कान गरम झाले होते.

"मला तसं काही आठवत नाही, सर."

ती खाली बसली. उन्हाळ्यात तिने संशोधन सोडलं. पुढे लग्न झालं, कराडच्या शाळेत विज्ञान शिकवते, एवढं कानावर आलं. संग्रहातली जागा मला मिळाली. चिठ्ठीवर फक्त माझं नाव राहिलं. मी ती गोष्ट रात्रंदिवस बोचणारी आठवण म्हणून बाळगली, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी ती विसरलो. विसरणं मला जमलं, याचीच आता लाज वाटते.

गुरुवारी मी कराडला गेलो. तिच्या सुनेने दार उघडलं. शालन व्हरांड्यात खुर्चीवर होती, डोक्याला रुमाल बांधलेला, मांडीवर शिकवणीला येणाऱ्या पोरांच्या गणिताच्या वह्या. खूपच लहान दिसत होती. मी वही तिच्यापुढे धरली. तिने चष्मा लावून रेघेखालचं वाचलं.

"पट्टीने मारलीत?"

"हो."

"वाटलंच."

"मिस जगताप, तुम्ही... मी त्या वेळी..."

"बसा आधी. चहा घ्या. घाम आलाय तुम्हांला." ती वही चाळत राहिली. "राग होता. पंधराएक वर्षं टिकला. नंतर पोरांच्या वह्या तपासता तपासता कुठे गेला कळलं नाही."

"तुम्ही स्वतः का कळवलं नाहीत त्यांना?"

"कळवलं की! दोन ईमेल केल्या. उत्तर आलं, आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत. त्यांना काय, घरगुती उपायांच्या शेकड्यांनी येत असतील. त्यात ही एक म्हातारी म्हणते, वेलीला आवतण द्या. चिठ्ठीवर माझं नाव आहे का सांगा?"

नव्हतं.

"मी आजच ऋजुताबाईंना सविस्तर पत्र लिहितो," मी म्हणालो. "वहीच्या पानाची प्रत जोडतो."

"पत्र नको." पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "तुम्ही लिहिण्यात हुशार आहातच. बैठकीत जायचं. उभं राहायचं. तोंडाने सांगायचं. औषध मला मिळेल, न मिळेल. आठवा नंबर आहे, आणि वेळ थोडा आहे, ते मला कळतं. पण हे मला मिळालंच पाहिजे."

बैठकीत बारा माणसं होती. मी ऋजुताबाईंना सकाळीच विनंती केली होती, त्यांनी मला शेवटची पाच मिनिटं मिळवून दिली. पडद्यावर एका चौकोनात शालन होती, रुमाल बांधलेली. रुग्णांच्या वतीने ऐकायला म्हणून ऋजुताबाईंनी तिला जोडून घेतलं होतं.

मी उभा राहिलो. कान गरम झाले. पंचाहत्तराव्या वर्षीही तेच कान.

"नमुना ४१७ माझा नाही," मी म्हणालो. "तो शालन जगताप यांनी गोळा केला. आणि चिठ्ठी अपुरी आहे. ती मी मुद्दाम अपुरी ठेवली."

मग मी सगळं सांगितलं. दोरा, नखं, आवतणाचे शब्दसुद्धा. कोणीतरी खाकरलं. डॉ. सरनोबत सभ्य माणूस, त्यांनी हसू आवरलं.

"म्हणजे सर, वेलीला कळलं की उद्या आपल्याला न्यायला येणार आहेत?"

"नाही. तिला जखम कळली," मी म्हणालो. "कीड लागली की झाड स्वतःच्या बचावाची रसायनं बनवायला घेतं, हे आपण सगळेच शिकवतो. त्याला काही तास लागतात. आपली माणसं सकाळी जीपने गेली, पानं तोडली आणि लगेच गोठवली. वेलीला वेळच मिळाला नाही. एखाद्या किडीने एखादं पान खाल्लं तर रेणू थोडासा बनत असेल आणि खोडातून खाली निघून जात असेल. ठकूबाई एकदम वीस-पंचवीस जखमा करत, आणि दोऱ्याने खाली जायची वाट बंद करत. रात्रभर ते वरच साठत असणार. माझा हा तर्क चुकीचा असू शकतो. माझे बरेच चुकतात. पण घडलं ते असंच घडलं."

"इतक्या वर्षांनी तुम्हांला नक्की आठवतंय?"

मी पडद्याकडे पाहिलं. ती चष्म्यातून टक लावून बघत होती.

"मला सगळं आठवतं," मी म्हणालो. "तेव्हाही आठवत होतं."

पडद्यावरच्या चौकोनात शालनने चष्मा काढला आणि पदराने पुसत बसली.

समितीने आणखी एक फेरी मंजूर केली, एकच. चार दिवसांनी आम्ही भैरीच्या वाड्यावर गेलो. आता तिथवर रस्ता आहे, त्यामुळे शालनही आली, मागच्या सीटवर उशा लावून. ठकूबाई कधीच गेल्या. त्यांच्या नातसुनेने, सखूबाईने, ऋजुताबाईंना पाहून तोंडाला पदर लावला.

"ह्या बाई सात येळा आल्या हुत्या की! सकाळी सकाळी येत्यात, तोडत्यात, जात्यात."

"मग तुम्ही सांगितलं का नाही, आदल्या दिवशी यावं लागतं ते?" ऋजुताबाई कळवळून म्हणाल्या.

"तुमी कुटं इचारलं?"

ऋजुताबाईंनी वही काढली आणि सखूबाईच्या पायरीवर बसल्या. तासभर बसल्या. औषधाच्या करारात भैरीच्या वाड्याचं नाव पहिलं आलं, ते त्या पायरीवर ठरलं.

उन्हं कलल्यावर आम्ही वेलीजवळ गेलो. शालनला दोन बाजूंनी धरावं लागलं. दोरा तिनेच बांधला. औषधांनी तिची नखं काळी आणि ठिसूळ झाली होती, त्यांनी ओरखडा निघेना. तिने माझ्याकडे पाहिलं.

"वही ठेवा खाली, केळुसकर. आज हे तुम्ही करा."

मी गुडघे टेकून एकेका पेराला नख लावत गेलो. ती वर उभी राहून मोजत होती, शाळेत हजेरी घ्यावी तशी. बावीस झाली. मग ती वाकली आणि म्हणायचं ते म्हणाली.

सकाळी दव सुकल्यावर ऋजुताबाईंनी पेटी जीपच्या बॉनेटवर ठेवली. एक पान सुईखाली सरकवलं. पडद्यावरची रेघ बराच वेळ सपाट चालली. मग एका जागी ती उभी चढली, आमच्या घाटातल्या सुळक्यासारखी. ऋजुताबाई सखूबाईला मिठी मारून रडल्या. सखूबाई गोंधळून त्यांची पाठ थोपटत राहिली.

"किती दिवस लागतील?" शालनने विचारलं.

"जनुकं वाचून, यीस्टमध्ये घालून... पहिलं पिंप निघायला आठ-नऊ महिने. यादीतल्या पहिल्या दहांना पुरेल."

"आठ महिने," शालन म्हणाली. "दहावीच्या पोरांचं वर्ष होईल तेवढ्यात. बघू या."

त्या शुक्रवारी मी नव्या कागदावर नवी फांदी चिकटवली आणि चिठ्ठी लिहिली. गोळा करणारी: शालन जगताप. माहिती: ठकूबाई झोरे, सखूबाई झोरे. खाली सात ओळी, वहीतल्या जशाच्या तशा. ४१७ ची जुनी चिठ्ठी मी काढली नाही. तिच्याखाली दुरुस्तीची दुसरी लावली आणि सही केली.

ते आठ महिने मी दर रविवारी कराडला जात होतो. ती वह्या तपासायची, मी वाचत बसायचो. कधी जुन्या वाटा आठवायच्या. तिला पायवाटा आठवत, मला तारखा. काही रविवारी ती झोपूनच असायची. एका रविवारी मला वाटलं, आता पुढच्या रविवारी यावं लागणार नाही. पण तिने डोळे उघडले आणि विचारलं, "पिंप कुठवर आलं?"

काल संध्याकाळी ऋजुताबाईंचा फोन आला. दोनच वाक्यं बोलल्या. उन्हं कलली होती. मी लगेच कराडचा नंबर लावला. औषधाचा गुण येईल की नाही, मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही, म्हणून तर त्याला चाचणी म्हणतात. सुनेने फोन तिच्या कानाशी धरला असावा, श्वास ऐकू येत होता.

"मिस जगताप," मी म्हणालो, "उद्या सकाळी न्यायला येतो. तयार राहा."

पलीकडून तो घोगरा आवाज आला.

"येते. पण नखं कापून या, केळुसकर."